शिरस्त्राण आधी की दिवा आधी?

पुण्याहून सोलापुराकडे जाताना भिगवण मागे टाकले, की डाव्या हातास उजनीच्या फुगवट्याचे पाणी दिसू लागते आणि थोड्याच अवधीत डाळज येते. गाव लहान, पण रस्ता मोठा. आणि गावापेक्षा रस्ता मोठा झाला म्हणजे गावच्या माणसाचे काय होते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने येथे एखाद्या तिन्हीसांजेस उभे राहावे. थंडीच्या दिवसांत सुटीच्या दिवशी पुण्याचे हौशी सायकलस्वार या बाजूस येतात. कोणी दोनशे-तीनशे किलोमीटरांची फेरी ठरावीक वेळात पुरी करावयाची म्हणून, कोणी भिगवणचे रोहित पक्षी पाहावयाचे म्हणून, तर कोणी आषाढीपूर्वी सायकलने पंढरपूर गाठण्याचा सराव म्हणून. अशा दहा-बारा मंडळींचा वाद रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीवर आम्ही नुकताच ऐकला. एक पक्ष म्हणत होता की, शिरस्त्राणावाचून, म्हणजे आजच्या बोलीत हेल्मेटावाचून, सायकलीवर बसणे हा आत्मघात आहे व सरकारने ते सक्तीचे करावे. दुसरा पक्ष म्हणे की, ही सक्ती म्हणजे लोकांस सायकलीवरून उतरवून मोटारीत बसविण्याची युक्ती होय. तिसरे एक गृहस्थ दिव्याची गोष्ट काढू पाहत होते, पण त्यांचे कोणी ऐकून घेईना. वाद अर्धा तास चालला. तेवढ्या अवधीत टपरीसमोरून गावचे तीन-चार लोक सायकलीवरून घराकडे गेले. एकाच्या सायकलीस दुधाची किटली, दुसऱ्याच्या मागे कोयता व भाकरीचे फडके बांधलेले. डोक्यास टोपी किंवा मुंडासे. सूर्य मावळून बराच वेळ झाला होता आणि दिवा त्यांपैकी एकाच्याही सायकलीस नव्हता. वाद करणाऱ्यांचे तिकडे लक्ष गेले नाही. खरे सांगावयाचे तर आमचेही प्रथम गेले नाही.

या वादाचा निकाल लावण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिलेला नाही. परंतु प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे, आणि त्यात कायदा, शास्त्र व लोकव्यवहार या तिहींचा गुंता झालेला आहे. तो सोडविण्याचा यत्न करणे हे वर्तमानपत्राचे कामच होय.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण या बाबतीत लोकांची समजूत फार चुकीची आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या १२९ व्या कलमान्वये शिरस्त्राणाची सक्ती आहे ती मोटारसायकलीवर बसणारास. सन २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येक माणसास ती लागू झाली व मोडणारास हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबनाची शिक्षा ठरली. पायांनी हाकावयाची सायकल ही त्या कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच नाही, कारण ती यांत्रिक शक्तीने चालत नाही. म्हणून सायकलस्वाराने बोडक्या डोक्याने जाणे हा आज गुन्हा नाही. दिव्याचे तसे नाही. रस्त्यावरील वाहनांस किती दिवे असावेत, ते कोठे असावेत आणि कोणत्या वेळी लावलेले असावेत, याविषयी नियम करण्याचा अधिकार १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या ३३ व्या कलमाने पोलीस आयुक्तांस व जिल्हा दंडाधिकाऱ्यांस दिलेला आहे. पुण्यातील वडील पिढीस आठवत असेल, की एके काळी त्या शहरात सायकलीस बिल्ला घ्यावा लागे, आणि रात्री दिव्यावाचून किंवा दोघांनी बसून सायकल हाकली तर चौकातला शिपाई धरून दंड करीत असे. डायनामो बिघडला म्हणून पोलिसास पाहताच खाली उतरून सायकल हातात धरून चालू लागणे, ही त्या काळच्या विद्यार्थ्यांची ठरलेली युक्ती होती. बिल्ला गेला, शिपायाची शिट्टी गेली आणि तिच्यामागोमाग दिवाही गेला. जो नियम लोकांस काचत होता पण वाचवीत होता, तो आम्ही विसरलो. आणि जो नियम कायद्यात नाही त्याविषयी मात्र हिरिरीने भांडत आहो!

आता शिरस्त्राणाचा गुण. तो नाकारणारे लोक स्वतःस फार स्वतंत्र विचाराचे समजतात, परंतु पुरावा त्यांच्याविरुद्ध आहे. सन २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील ४० अभ्यासांचे एकत्र गणित मांडले. त्यात ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती होती. डोक्यास गंभीर इजा होण्याचा संभव शिरस्त्राण घातलेल्यांत सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळला. सायकल खड्ड्यात अडकून पडली, कुत्रे आडवे आले, ओल्या रस्त्यावर चाक घसरले, अशा प्रसंगी डोके व डांबर यांच्यामध्ये दोन बोटे जाडीचा थर असणे आणि नसणे यांत जीव आणि मरण यांचे अंतर असते. शर्यतींचे शूर वीरदेखील ही गोष्ट उशिराच शिकले. मार्च २००३ मध्ये फ्रान्सातील पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह हा नामांकित स्वार पडला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. तो दगावला, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय सायकल संघाने त्याच वर्षी शर्यतीत शिरस्त्राण सक्तीचे केले. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातून जी आंतरराष्ट्रीय शर्यत धावली व जिच्या मार्गात बारामतीही आली, तीत बोडक्या डोक्याचा एकही स्वार कोणास दिसला नाही तो या नियमामुळेच. हौशी मंडळींच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांतही शिरस्त्राण, पुढचा व मागचा दिवा आणि रात्री चकाकणारे जाकीट यांवाचून कोणास सोडीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्यास ऐपत आहे व जो वेगाने जाणार आहे, त्याने शिरस्त्राण घालावे. त्यात ना मर्दपणास बाध, ना स्वातंत्र्यास. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत मोटारसायकलींसाठी सक्ती सुरू झाली तेव्हा पगड्या घालून मोर्चे निघाले. ज्या शहराने देशास मोठमोठ्या चळवळी दिल्या त्याने डोके उघडे ठेवण्याच्या हक्कासाठी इतकी शक्ती खर्च करावी, याचे आम्हांस तेव्हाही वाईट वाटले होते.

पण येथेच थांबून जे लोक सक्तीचा कायदा मागतात, त्यांस आम्ही दोन गोष्टी विचारू इच्छितो. पहिली ही की, शिरस्त्राण कोणत्या आघातासाठी बनविलेले असते हे त्यांनी कधी पाहिले आहे काय? युरोपातील मानकाप्रमाणे सायकलीच्या शिरस्त्राणाची परीक्षा होते ती सुमारे दीड मीटर उंचीवरून ते सपाट ऐरणीवर पाडून, म्हणजे तासी वीस किलोमीटरांच्या आतल्या वेगाने. माणूस स्वतः सायकलीवरून पडला तर जेवढा आघात होतो, तेवढा सोसण्याकरिता ती वस्तू आहे. डाळजच्या रस्त्यावर मालमोटार तासी ऐंशी किलोमीटरांनी येते. वेग चौपट झाला म्हणजे आघाताची शक्ती सोळापट होते, हे शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस नवी मुंबईत इंटेल कंपनीचे भारतातील माजी प्रमुख अवतार सैनी यांस पहाटे सायकल चालवीत असता भाड्याच्या मोटारीने मागून ठोकरले व त्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या डोक्यास शिरस्त्राण होते. ते अनुभवी होते, सावध होते, सोबत मित्र होते. मागून येणाऱ्या गाडीपुढे त्यांतले काहीच उपयोगी पडले नाही. यावरून शिरस्त्राण फुकट आहे असे कोणी म्हणेल तर ते खोटे होईल. पण रस्त्यावरच्या मृत्यूचे औषध शिरस्त्राण हेच, असे कोणी म्हणेल तर त्याने रोग रेड्याचा आणि औषध पखालीस असा प्रकार केला म्हणावे लागेल.

दुसरी गोष्ट सक्तीच्या परिणामाची. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताने जुलै १९९० मध्ये जगात प्रथम सर्व सायकलस्वारांस शिरस्त्राण सक्तीचे केले. न्यूझीलंडने १९९४ मध्ये तोच मार्ग धरला. डोक्याच्या इजा कमी झाल्या हे खरे. पण मेलबर्नच्या रस्त्यांवर मोजणी केली तेव्हा शाळकरी मुलांची सायकलीवरील संख्याही पुष्कळ घटलेली आढळली, आणि इजा कमी झाल्या त्यात शिरस्त्राणाचा वाटा किती व सायकली सोडून दिल्याचा वाटा किती, हा वाद तेथील पंडितांत अद्याप मिटलेला नाही. श्रीमंत देशात मुलाने सायकल सोडली तर बाप त्यास मोटारीने पोचवील. आमच्याकडे ज्या मुलीस जिल्हा परिषदेच्या किंवा मानव विकासाच्या योजनेतून सायकल मिळाली व त्यामुळे जी वस्तीवरून शाळेस जाऊ लागली, तिच्यावर शिरस्त्राणाचा दंड बसविला तर ती शाळाच सोडील. जो मजूर सायकल वापरतो तो तिच्यावाचून भागत नाही म्हणून वापरतो. त्याच्या रोजावर हजार रुपयांच्या टोपीची सक्ती करणे म्हणजे त्यास पायी चालावयास लावणे होय. आणि पायी चालणारा तर या देशाच्या रस्त्यावर सायकलस्वाराहूनही अधिक मरतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे सन २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार पावणेपाच हजारांवर होते, आणि पायी चालणारे बत्तीस हजारांवर! या बत्तीस हजारांस कोणते शिरस्त्राण द्यावयाचे?

आम्ही टपरीवरील त्या तिसऱ्या गृहस्थांच्या पक्षाचे आहो. शिरस्त्राण अपघात घडल्यानंतर कामास येते. दिवा अपघात घडण्यापूर्वी. तासी ऐंशी किलोमीटरांनी धावणारी गाडी एका सेकंदास बावीस मीटर जाते. समोर काही आहे हे चालकाच्या ध्यानात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे गाडी तेहेतीस मीटर पुढे गेलेली असते. आणि त्यापुढे चांगले ब्रेक असलेली मोटारदेखील थांबावयास आणखी तितकेच अंतर घेते, भरलेल्या मालमोटारीची तर गोष्टच सोडा. आता खाली वळविलेल्या प्रकाशझोतात मळकट कपड्यांचा माणूस तीस-चाळीस मीटरांच्या अलीकडे क्वचितच दिसतो. तेव्हा चालक कितीही शुद्धीवर असला, प्यालेला नसला, पापभीरू असला, तरी हे गणित त्यास वाचवू देत नाही. तेच सायकलीच्या मागे दोन-तीनशे रुपयांचा तांबडा दिवा असला तर तो काही शे मीटरांवरून दिसतो. डेन्मार्कमधील ओडेन्से शहरी २००४-०५ साली सुमारे चार हजार सायकलस्वारांवर प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्यांच्या सायकलीस लोहचुंबकाच्या योगाने दिवसरात्र पेटत राहणारे दिवे बसविले. त्यांच्यातील इजा होणारे अपघात इतरांहून १९ टक्क्यांनी कमी आढळले. आणि हे अशा देशात, की जेथे सायकलींसाठी वेगळे मार्ग आहेत व रात्री दिव्यावाचून कोणी निघतच नाही. आमच्या महामार्गावर त्याचा गुण किती अधिक येईल, हे ज्याचे त्याने ताडावे.

कोणी म्हणेल, कारखान्यातून निघणाऱ्या नव्या सायकलींस चकाकणारे परावर्तक बसविण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२० सालीच काढलेला आहे. मग दिव्याची काय गरज? परावर्तक चांगला आहे, पण तो स्वतः काही सांगत नाही. कोणी प्रकाश टाकला तर उत्तर देतो. त्यावर शेणामातीचा थर बसला की मुका होतो. शिवाय आमच्या खेड्यांतील सायकली नव्या नसतात. बापाची मुलास, मुलाची गड्यास, अशा त्या वीस-वीस वर्षे चालतात. त्यांच्या मडगार्डांस कारखान्याचा आदेश कसा चिकटावा?

तथापि सायकलस्वाराच्या दिव्याची चर्चा करून आम्ही थांबलो, तर आमच्यावरही चोर सोडून संन्याशास सुळी दिल्याचा आरोप येईल. या तालुक्यात कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत रस्त्यावर खरे राज्य कोणाचे असते, हे वाचकांस सांगावयास नको. भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, शेटफळगढे, पलीकडे माळेगाव व सोमेश्वर असे कारखान्यांचे जाळे. आणि त्या प्रत्येकाकडे ऊस वाहणाऱ्या बैलांच्या टायरगाड्या व एकास दोन जोडलेल्या ट्रॉल्या. ट्रॉलीच्या मागे उसाची वाढी लोंबत असतात. त्यांच्याआड असलेला परावर्तकही झाकतो. मागचा दिवा तर जन्मापासून नसतो. चाक निसटले किंवा पाटा मोडला, की ती गाडी रस्त्यातच दगड लावून उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी माल दुसरीकडे उतरून गेला, तरी ते दगड मात्र तेथेच राहतात. तासी पंधरा किलोमीटरांनी जाणारी ही काळी भिंत मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यास दिसते ती तिच्यावर आदळल्यावर. दर हंगामाच्या प्रारंभी कारखान्याच्या आवारात समारंभपूर्वक काही ट्रॉल्यांस तांबड्या पट्ट्या चिकटवितात, अधिकारी भाषण करतात, छायाचित्र निघते. हा प्रकार वाईट नाही. पण पट्टी नसलेली ट्रॉली गव्हाणीपर्यंत पोचते कशी, हा आमचा प्रश्न आहे. प्रत्येक गाडी काट्यावर येते. काट्यावर वजन झाल्यावाचून पैसा मिळत नाही. तेव्हा मागे दिवा व पट्टी नसलेल्या गाडीचे वजन करावयाचे नाही, एवढा एकच नियम कारखान्यांनी पाळला, तर आठ दिवसांत सर्व तालुक्यातील ट्रॉल्या उजळतील. त्यास पोलीस नकोत आणि नवा कायदाही नको. सहकार हा शब्द ज्या तालुक्याच्या बोलीत रुजला आहे, तेथे हे अवघड का वाटावे, हे कळत नाही. सभासदांनी वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर हाही विषय काढावा.

रस्त्याविषयी थोडे. हा मार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ होता. आता तो ६५ आहे. तो चौपदरी झाला, पाटस व सरडेवाडी येथे टोलनाकी बसली आणि मोटारवाल्याचा सोलापुराचा वेळ पुष्कळ वाचला. वाचलेला वेळ कोणाच्या खात्यातून वजा झाला ते मात्र कोणी पाहिले नाही. ज्याचे घर एका बाजूस व शेत दुसऱ्या बाजूस, त्यास आता जवळचा ओलांडरस्ता गाठण्यास लांबवर जावे लागते. म्हणून तो उलट्या बाजूने सायकल घालतो. त्यास आम्ही बेशिस्त म्हणतो. पण धाबेवाल्याने स्वतःच्या गिऱ्हाइकासाठी दुभाजक फोडला, तर त्यास काय म्हणावे? सायकलस्वार टोल देत नाही म्हणून त्याचा रस्त्यावर हक्क नाही, असे बोलणारे सुशिक्षितही आम्हांस भेटले आहेत. त्यांस एवढेच सांगणे की, गावचा माणूस या रस्त्यावर पहिल्यापासून आहे. टोलनाके मागून आले. ज्याच्या जमिनीतून व ज्याच्या वाटेवरून रस्ता गेला त्यास त्या रस्त्याकडेने सुरक्षित जाण्याची सोय करून देणे, हे उपकाराचे काम नसून कर्जफेडीचे आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली १९८ अ हे कलम घातले गेले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आले, तर ठेकेदार व संबंधित अधिकारी यांस एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम चांगले आहे. त्याखाली ज्याने कधी फिर्याद केलेली आहे असा मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाही. त्याच दुरुस्तीने १३८ व्या कलमात पोटकलम १ अ घातले गेले व पादचारी आणि बिनयांत्रिक वाहने यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारास मिळाला. सहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयास राज्यांना सांगावे लागले की, हे नियम सहा महिन्यांत करा. परकी सरकार असते तर आम्ही त्याच्या माथी खापर फोडून मोकळे झालो असतो. पण कायदा आमच्या संसदेने केला, नियम आमच्या विधिमंडळास उत्तरदायी असलेल्या मंत्र्यांनी करावयाचे, आणि मरणारा मतदारही आमचाच. तेव्हा बोट दाखवावयास दुसरे कोणी उरलेले नाही.

आणखी एक गोष्ट वकिलीच्या धंद्यातील आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका रात्रपाळीच्या पहारेकऱ्याच्या विधवेचा नुकसानभरपाईचा दावा आम्ही चालविला. मालमोटारीने त्याची सायकल मागून चिरडली होती. चालकाचा वेग, त्याची झोप, गाडीचे झिजलेले टायर, सर्व सिद्ध झाले. परंतु विमेवाल्यांच्या वकिलांनी पंचनाम्यातील एक ओळ काढली: सायकलीस दिवा नव्हता. मृताच्या स्वतःच्या हलगर्जीपणाचा हिस्सा म्हणून भरपाईतून चौथाई कापली गेली. ती बाई निकाल ऐकून आम्हांस एवढेच म्हणाली, ‘वकीलसाहेब, दिवा कितीला येतो?’ आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये, मोटारसायकलीवर तिघे बसल्याच्या एका प्रकरणात, असे स्पष्ट केले आहे की, नियमभंग झाला एवढ्यावरून मृताचा दोष ठरत नाही. त्या भंगाचा अपघाताशी कार्यकारणसंबंध दाखविला पाहिजे. हे तत्त्व शिरस्त्राण न घातलेल्या सायकलस्वारास पुष्कळ तारील, कारण टोपी नव्हती म्हणून मालमोटार त्याच्यावर आली असे कोणास म्हणता येणार नाही. पण दिवा नसणे हे अपघाताचे कारण असू शकते, आणि विमा कंपनी ते सोडणार नाही. शिरस्त्राणाची सक्ती उद्या कायद्यात आली, तर गरिबाच्या भरपाईतून कापण्यास आणखी एक सबब मिळेल, हेही सक्ती मागणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आणि ठोकर देऊन गाडी पळून गेली व सापडलीच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांस दोन लाख व गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. खेड्यापाड्यांत हे फार थोड्यांस ठाऊक आहे, म्हणून येथे मुद्दाम लिहिले. पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे नव्या न्याय संहितेचे १०६ व्या कलमातील दुसरे पोटकलम मात्र, जानेवारी २०२४ च्या मालमोटार चालकांच्या संपानंतर, संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली तेव्हा बाजूस ठेवण्यात आले.

सायकलस्वारांचेही दोष आहेत व ते झाकण्याचे आम्हांस कारण नाही. शहरी मंडळी दोघे-तिघे शेजारी शेजारी गप्पा मारीत रस्ता अडवितात, कानात गाण्याच्या गुंड्या घालतात. कित्येकांचा पुढचा दिवा इतका प्रखर व वर केलेला असतो, की समोरून येणाऱ्या खेडुताच्या डोळ्यांपुढे अंधारी यावी. दिवा दुसऱ्यास दिसण्याकरिता आहे, दुसऱ्यास आंधळे करण्याकरिता नाही. गावकरी मंडळी उलट्या बाजूने जाणे हा आपला परंपरागत हक्क समजतात. सेवारस्ता रिकामा असता महामार्गावरून सायकल घालण्याचे कारण विचारले, तर तिकडे खड्डे आहेत म्हणतात, आणि बहुधा ते खरे असते.

हॉलंडचे उदाहरण सर्व वादांत येते, तेव्हा तेही पाहून घेऊ. तेथे सायकलस्वारास शिरस्त्राणाची सक्ती नाही व बहुतेक लोक ते घालीतही नाहीत, असे शिरस्त्राणाचे विरोधक मोठ्या अभिमानाने सांगतात. पण ते अर्धेच सांगतात. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांच्या हत्या थांबवा म्हणून त्यांनी चळवळ केली, आणि सरकारास रस्ते बदलणे भाग पाडले: वेगळे सायकलमार्ग, वस्तीत वेगास लगाम, रात्री दिव्याची सक्ती. शिरस्त्राणावाचून फिरण्याची चैन त्यांनी अशी कमाविली आहे. आम्ही ती उसनी मागू नये. पुण्यात सायकलींसाठी मार्ग बांधले गेले ते आज फेरीवाले, मोटारसायकली व विजेच्या पेट्या यांच्या ताब्यात आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने एक विस्तृत सायकल आराखडाही मंजूर केला होता. आराखडे करण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्याकडे एक मागणे आहे. बारामती, इंदापूर व भिगवण येथील सायकलींच्या दुकानदारांनी मागच्या दिव्यावाचून एकही सायकल दुकानाबाहेर पडू देऊ नये. जुनी सायकल दुरुस्तीस आली तर चाकातील हवेबरोबर मागील परावर्तकही पुसून पाहावा. गिऱ्हाईक दोनशे रुपयांस कुरकुरेल. त्यास हप्त्याने द्यावा. ज्यांच्या पेढ्यांवर, गोदामांवर व कुक्कुटगृहांवर माणसे सायकलीने कामास येतात त्या मालकांनी दिवाळीच्या मिठाईबरोबर एक दिवा द्यावा. मिठाई चार दिवसांत संपते. आणि जे माल पाठवितात त्यांनी मालमोटारवाल्यास ‘पहाटेच्या आत माल पोचलाच पाहिजे’ असा तगादा लावताना, त्या तगाद्याचा भार डाळजच्या रस्त्यावर कोणाच्या पाठीवर पडतो याचा क्षणभर विचार करावा.

सरकारकडे आमची मागणी लहान आहे. शिरस्त्राणाची सक्ती सायकलस्वारांवर आणू नये. शाळकरी मुलांस मात्र ते योजनेच्या सायकलीबरोबरच फुकट द्यावे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ३३ व्या कलमाखाली सूर्यास्तानंतर सायकल, टायरगाडी व ट्रॉली या सर्वांस मागील तांबड्या दिव्याचा नियम करावा. पहिले सहा महिने दंड न करता दिवा नसलेल्यास जागेवरच दिवा बसवून द्यावा, व त्याचा खर्च टोलाच्या उत्पन्नातून यावा. भिगवण ते इंदापूर या टप्प्यात जेथे जेथे वस्ती रस्त्यास लागते तेथे सेवारस्ता सलग व खड्ड्यांवाचून असावा, आणि ओलांडण्याच्या जागी रस्त्यावर दिवे असावेत. डाळजच्या टपरीसमोर आज एक खांब उभा आहे. त्यावर दिवा आहे. तो आम्ही गेलो त्या सायंकाळी लागलेला नव्हता.

या आशयाच्या अर्जाचा मसुदा आमच्या कचेरीत तयार ठेवलेला आहे. गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तो जिल्हाधिकाऱ्यांकडे व तालुक्यातील सर्व कारखान्यांच्या अध्यक्षांकडे जावा अशी योजना आहे. ज्या वाचकांस व ग्रामपंचायतींस त्यावर सही करावयाची असेल त्यांनी कामाच्या वेळात येऊन करावी. डाळज, पळसदेव, लोणी देवकर या गावच्या मंडळींनी आपापल्या हद्दीतील बंद दिव्यांची व फुटलेल्या दुभाजकांची जागेवार यादी आणल्यास ती अर्जास जोडण्यात येईल.